उशाशी सुगंध : रजोनिवृत्तीनंतरच्या निद्रानाशाविषयी

(मंडळाच्या महिला शाखेने सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त योजिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महिला शाखेच्या चिटणीसबाईंनी या व्याख्यानाचा विषय आम्हांस तोंडी सांगितला नाही. चिठ्ठीवर लिहून पाठविला. चिठ्ठीत ‘त्या वयातली झोप आणि सुगंधी तेले’ एवढेच शब्द होते. ‘ते वय’ कोणते हे आम्ही ओळखून घ्यावे अशी अपेक्षा होती, आणि याच कानपूर शहरात इतकी वर्षे स्त्रियांची दुखणी ऐकत आल्यामुळे ते ओळखणे आम्हांस जड गेले नाही. तरीही आरंभीच त्या वयाचे नाव स्वच्छ घेतो : रजोनिवृत्ती. मागच्या रांगेतील काही बंधू चुळबूळ करू लागलेले दिसतात. त्यांनी कृपया उठून जाऊ नये. या विषयातील एक महत्त्वाचा साक्षीदार त्यांच्यातच बसलेला आहे. तो कोण, ते पुढे येईल.

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यक मानते. भारतीय स्त्रीच्या बाबतीत हे सरासरीने ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास घडते. पाश्चात्त्य देशांत ५१ व्या वर्षाच्या आसपास. सुश्रुताने रजःप्रवृत्तीचा काळ १२ ते ५० वर्षे असा सांगितला आहे, म्हणजे ही गोष्ट काही नव्याने कळलेली नाही. नवे आहे ते इतकेच की, त्यानंतरही स्त्रीला आज तीस-तीस वर्षे जगावयाचे असते, आणि त्या तीस वर्षांतील रात्रींचे काय, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही.

आजच्या विषयाचे मूळ आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात आहे. यंदा वाण म्हणून स्टीलची वाटी किंवा कुंकवाची डबी न देता एका उत्साही भगिनीने लॅव्हेंडरच्या तेलाच्या इवल्या बाटल्या लुटल्या. बाटलीवर ‘गाढ झोपेसाठी’ असे छापलेले होते. पुढच्या पंधरा दिवसांत त्या बाटलीविषयी विचारण्यास आमच्याकडे इतक्या जणी आल्या, की आम्ही चकितच झालो. चकित बाटलीमुळे नव्हे. त्यांतील बहुतेकींनी झोपेची तक्रार आजवर आमच्याजवळ कधी बोलूनच दाखविली नव्हती. बाटलीच्या निमित्ताने ती बोलली गेली. त्या तेलाचा दुसरा काही गुण असो वा नसो, हा एक गुण आम्ही त्याच्या नावे जमा केला आहे.

सुगंध ही आपल्याकडे परकी गोष्ट नव्हे. हळदीकुंकवाला मनगटामागे अत्तराचा फाया फिरतो, गुलाबदाणीतून चार थेंब अंगावर येतात. बाळंतिणीच्या खोलीत वेखंड, वावडिंग, ओवा यांच्या धुरीचा वास असतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात निद्रानाशावरील उपाय सांगितले आहेत. त्यांत अभ्यंग आहे, स्नान आहे, दूध आणि दहीभात आहे, अंग चेपणे आहे, सुखकर शय्या आहे, आणि मनास रुचणारे गंध व शब्दही आहेत. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. गंध हा त्या यादीतील एक पदार्थ आहे, संपूर्ण यादी नव्हे. आणि गंध कोणता, याचे नाव ग्रंथकाराने दिलेले नाही. मनाला अनुकूल असा, एवढेच म्हटले आहे. या दुसऱ्या गोष्टीकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

शिवाय आपण राहतो कोठे ते पाहा. येथून सुमारे ८० किलोमीटरवर कनौज आहे. तांब्याच्या मोठ्या देगेत फुले आणि पाणी घालावयाचे, झाकण चिकणमातीने लिंपून टाकावयाचे, खाली लाकडांचा किंवा गोवऱ्यांचा विस्तव, आणि बांबूच्या नळीतून, म्हणजे चोंग्यातून, वाफ पाण्याच्या हौदात बुडविलेल्या भपक्यात उतरवावयाची. भपक्यात आधीच घातलेले चंदनाचे तेल तो सुगंध पिऊन घेते. विस्तव किती हवा हे कारागीर हाताने देगेला स्पर्श करून आणि कानाने आतला आवाज ऐकून ठरवितो. भाजलेल्या मातीचेही अत्तर तेथे काढतात. पहिल्या पावसाचा तो वास पहिल्यांदा हुंगला तेव्हा आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एक सातारकडच्या बाई एकदम गप्प झाल्या आणि पदर डोळ्यांना लावून बाजूला गेल्या. त्यांना मृगाचे आभाळ दिसले असावे. आम्ही विचारले नाही. एक व्यवहाराची गोष्ट येथेच सांगून टाकतो : चंदन महाग झाल्यापासून पुष्कळ स्वस्त अत्तरांत चंदनतेलाऐवजी द्रवरूप पॅराफिनचा आधार घेतला जातो. वासाने ते ओळखू येईलच असे नाही.

‘सुगंधोपचार’ हा शब्द मात्र परदेशातून आला. रने-मोरिस गातफोसे नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने १९३७ साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि हा शब्द रूढ केला. १९१० साली प्रयोगशाळेतील स्फोटात त्याचे हात भाजले आणि त्याने ते लॅव्हेंडरच्या पिंपात बुडविताच क्षणात बरे झाले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. वस्तुतः त्याने स्वतः लिहिले आहे ते वेगळे : भाजल्यावर जखमा चिघळल्या, आणि त्यावर त्याने लॅव्हेंडरचे तेल विचारपूर्वक वापरून पाहिले. पिंपाची कथा अधिक रंगतदार आहे यात शंका नाही. तथापि ज्या विषयाच्या जन्मकथेतच इतकी भर पडते, त्याच्याकडे जरा सावधपणे पाहिलेले बरे. लॅव्हेंडर आता आपल्या देशातही पिकते. जम्मूच्या भदरवाह भागात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रोत्साहनाने मक्याच्या शेतांतून त्याची जांभळी रांग दिसू लागली आहे, आणि संक्रांतीच्या बाटल्यांतील तेल तिकडचेच असल्याचे त्यांवर छापलेले होते.

आता वास मेंदूत करतो काय? डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले आधी मेंदूच्या मधल्या एका टपाल कचेरीतून जाते आणि मग पुढे वाटले जाते. गंधाचे तसे नाही. नाकाच्या छतातील मज्जातंतूंकडून तो भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांशी जवळजवळ थेट भिडतो. नाकातील गंधग्राहकांचा शोध लावल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हापासून या मार्गाची माहिती झपाट्याने वाढली. लॅव्हेंडरमध्ये लिनालूल नावाचे द्रव्य असते. २०१८ साली जपानमधील कागोशिमा विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांना त्याची वाफ हुंगविली, तेव्हा त्यांची भीती कमी झालेली दिसली. ज्यांची घ्राणशक्ती नष्ट केली होती त्यांच्यावर मात्र काहीही परिणाम झाला नाही. म्हणजे द्रव्य रक्तात शिरून नव्हे, नाकाच्या वाटेने काम करीत होते. उंदराची भीती आणि पन्नाशीतल्या गृहिणीची चिंता यांत अंतर आहे, हे सांगावयास नकोच. पण सुगंधाने मन निवते हे केवळ कविकल्पना नव्हे, एवढे यावरून म्हणता येते.

याहून आम्हांस अधिक उपयोगाचा वाटला तो दुसरा प्रयोग. २००४ सालीच अमेरिकेतील मेरी कार्स्कॅडन आणि रेचेल हर्झ यांनी झोपलेल्या माणसांच्या नाकाशी वास सोडून पाहिले. डोळा नुकताच लागत होता तेव्हा वास त्यांना कळत होता. गाढ झोपेत पेपरमिंटसारख्या वासाने ती माणसे जवळजवळ जागी होतच नव्हती. आवाजाने मात्र झटकन होत. झोपलेल्या मेंदूवर वासाचा काहीच परिणाम होत नाही असा याचा अर्थ नव्हे, पण एक गोष्ट स्पष्ट होते : सुगंधाचे मुख्य राज्य झोपेच्या उंबरठ्यावर आहे. आत गेल्यावर तो फारसा सोबतीला येत नाही.

आणि भगिनींनो, रजोनिवृत्तीनंतरची तक्रार बहुतेकदा उंबरठ्यावरची नसतेच. आपण मला सांगता ती हकीगत काय असते? ‘डॉक्टर, पडल्या पडल्या झोप लागते हो, पण दोनला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत टक्क.’ दोनला जी जाग येते ती कशाने? पुष्कळदा ती झळेने येते. शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र मेंदूच्या तळाशी असते. एरवी अंगाची उष्णता थोडी कमीजास्त झाली तरी ते चालवून घेते. स्त्रीरस कमी झाल्यावर त्याची ही सहनशीलता आक्रसते. अंशभर काय, त्याहूनही कमी फरक पडला तरी ते घाबरते, कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडते, घाम सोडते. छातीतून मानेकडे वाफ चढते, पांघरूण फेकले जाते, आणि पाच मिनिटांनी ओल्या झालेल्या अंगावर हुडहुडी भरते. यात मनाचा दुबळेपणा कोठेही नाही. या झळा मेंदूतील ज्या पेशींमुळे उठतात त्यांवर नेमके काम करणारे, संप्रेरक नसलेले औषध २०२३ साली अमेरिकेत मान्य झाले, एवढी ही यंत्रणा आता ठाऊक झाली आहे.

आता या झळेपुढे उशीवरचा लॅव्हेंडरचा थेंब काय करणार? झळ तो थांबवू शकत नाही. झळ ओसरल्यावर, जाग आलेले मन पुन्हा उंबरठ्यावर उभे असते, तेव्हा मात्र तो थोडी मदत करू शकेल.

येथे वाळ्याची आठवण होते. ज्येष्ठातील लू वाहू लागली की या प्रांतात दारांना खसच्या ताट्या लावीत आणि त्यांवर पाणी शिंपीत. ज्यांनी त्या अनुभवल्या आहेत त्या भगिनी शपथेवर सांगतील, की वाळ्याच्या वासाने झोप लागत असे. खरे तर झोप लागत होती ती पाणी उडून जाताना हवा गार होत असे म्हणून. वासाला श्रेय मिळाले, काम पाण्याने केले. सुगंधोपचाराच्या अभ्यासांतही हाच घोटाळा आहे. इराण, तुर्कस्तान, कोरिया अशा देशांत रजोनिवृत्त स्त्रियांवर लॅव्हेंडर इत्यादी तेलांचे बरेच प्रयोग झाले आहेत आणि त्यांतील कित्येकांत झोप सुधारल्याचे स्त्रियांनी सांगितले. पण बहुतेक प्रयोग लहान आहेत आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. अनेकांत तेल अंगाला चोळलेले आहे. मग गुण तेलाचा की चोळणाऱ्या हाताचा? आणि सर्वांत मोठी अडचण अशी की खोटी गोळी देता येते, खोटा वास देता येत नाही. कुणाला खरे तेल मिळाले हे तिला पहिल्याच श्वासात कळते. म्हणून आमचे मत असे : या उपचाराने थोडे बरे वाटते, तो स्वस्त आहे, नीट वापरला तर निरुपद्रवी आहे, पण ‘गाढ झोपेसाठी’ हे बाटलीवरचे शब्द जास्त आहेत. एक मात्र कबूल करतो. ज्या स्त्रीच्या पाठीला गेल्या वीस वर्षांत कुणी तेल लावलेले नाही, तिला त्या चोळणाऱ्या हातानेच गुण आला असेल, तर तो गुण आम्ही खोटा मानणार नाही.

आता एक हकीगत सांगावयाची आहे. ती ज्यांची आहे त्या भगिनी आज सभागृहात आहेत, आणि ती सांगावी असा त्यांचाच आग्रह आहे. नाव आम्ही सांगणार नाही.

त्या आमच्याकडे प्रथम आल्या तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. रात्री चार-पाच वेळा जाग, सकाळी डोके जड, दुपारी भाजी निवडता निवडता डुलकी. मुलगा अमेरिकेत, त्याची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र, त्यामुळे फोनही अपरात्री. आम्ही त्यांना तपासले, रक्तदाब थोडा वाढलेला होता, त्याची गोळी दिली, आणि म्हटले : ‘या वयात असे व्हावयाचेच. मन रमवा.’ हे शब्द आमचे आहेत. ते आम्ही त्यापूर्वी अनेकींना सांगितले होते, आणि प्रत्येक वेळी समोरची स्त्री मान हलवून उठून जात असे, तशा त्याही गेल्या.

पुढील तीन वर्षे त्यांनी स्वतःच उपाय केले. आधी जायफळ उगाळून दुधातून घेतले. मग औषधांच्या दुकानातून चिठ्ठीवाचून झोपेची गोळी मिळू लागली. ती चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे, पण नियम आणि ओळख यांत ओळख जिंकते. गोळीने रात्री स्नानगृहात तोल जाऊन पडल्या, मनगट मोडले. गोळी सोडली आणि लॅव्हेंडर धरले. उशीवर, रुमालावर, पायांना, विजेच्या दिव्यावरच्या वाटीत. त्यांना उंबरठा सहज ओलांडता येऊ लागला, हे खरे. पण रात्रीच्या जागा आणि सकाळचा जडपणा तसाच. त्यांना वाटे, आपलेच काही चुकत असेल, तेलच खोटे असेल. म्हणून अधिक महागाची बाटली.

शेवटी साक्ष दिली ती त्यांच्या यजमानांनी, आणि तीही सहज, दुसऱ्याच कशासाठी आमच्याकडे आले असताना. ‘हिचे घोरणे मध्येच बंद पडते हो. इतके शांत होते की मला भीती वाटते. मग एकदम गुदमरल्यासारखा आवाज करून पुन्हा सुरू.’ किती दिवस? ‘झाली असतील चार-पाच वर्षे.’ कुणी विचारले नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते. झोपेची तपासणी केली. निद्रेत श्वास वरचेवर थांबत होता. पाळी असेपर्यंत स्त्रीरसांमुळे घशाचे स्नायू आणि श्वासाची प्रेरणा यांना आधार असतो. तो सुटल्यावर हा विकार स्त्रियांत वाढतो. पुरुषाचे मोठे घोरणे सर्वांच्या लक्षात येते. स्त्रीत तो पुष्कळदा निद्रानाश, थकवा, सकाळची डोकेदुखी अशा वेषात येतो, आणि आमच्यासारखे डॉक्टर त्याला ‘वय’ म्हणतात. रक्तदाबाचे कारणही बहुधा तेच होते. सुगंधाने त्यांचे नुकसान केले नाही, आम्ही केले. सुगंधाने त्यावर तीन वर्षे पडदा मात्र धरला.

तर बंधूंनो, साक्षीदार तो आपण. आज घरी गेल्यावर ऐका. सौभाग्यवतींचा श्वास थांबतो का, दहा-दहा सेकंद शांतता होते का, पाय रात्रभर हलतात का, हे त्यांना स्वतःला कळणे शक्य नाही. ज्या भगिनी एकट्या राहतात त्यांनी सकाळचे तोंड कोरडे पडणे, डोके दुखणे, दिवसा बसल्या बसल्या झोप येणे याकडे लक्ष द्यावे. पायांत मुंग्या येऊन ते सारखे हलवावेसे वाटत असतील, तर शरीरातील लोहाचा साठा तपासून घ्यावा. धडधड आणि वजनातील बदल असेल तर थायरॉइड. पहाटे तीनला जाग येऊन सर्व व्यर्थ वाटत असेल, तर ते दुःख किंवा विषण्णता आहे, आणि त्यालाही उपचार आहे. झळा फार असतील तर संप्रेरकांचा विचार होतो. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानंतर त्यांची सरसकट भीती बसली. आता समजते ते असे, की साठीच्या आत, अथवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, तीव्र झळा असणाऱ्या निरोगी स्त्रीला त्यांचा लाभ सहसा धोक्याहून अधिक असतो. स्तनांचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्यांना ते चालत नाहीत. हा निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यावयाचा, शेजारणीबरोबर नव्हे.

कोणताही विकार न सापडता केवळ झोप मोडली असेल, तर तिला गोळीआधी सवयींची शिस्त लावावी, असे अमेरिकेतील वैद्यांच्या मोठ्या संघटनेने २०१६ साली सांगितले आणि आमचाही अनुभव तसाच आहे. उठण्याची वेळ रोज एकच, रविवारीही. झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जाणे. वीसेक मिनिटे टक्क जाग असेल तर उठून दुसरीकडे बसणे, आणि डोळे जड झाल्यावरच परतणे. ‘दुसरीकडे’ म्हणजे कोठे, असे दोन खोल्यांच्या घरातील भगिनी विचारतात. स्वयंपाकघरात बसा, मात्र मंद दिव्यात, आणि उद्याचा डबा भरावयास घेऊ नका. मोबाइलही नको. परदेशातील नातवंडांशी बोलण्याची वेळ त्यांच्या सकाळची ठरवा, ती आपली संध्याकाळ असते. मुले ऐकतात, आपणच सांगत नाही.

या शिस्तीत सुगंधाला जागा आहे, आणि ती आम्ही आनंदाने देतो. झोपण्यापूर्वी तास-दीड तास कोमट पाण्याने स्नान करावे. त्यानंतर अंग निवते आणि ते निवणे झोपेला बोलावते. मग चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर, तिळाच्या किंवा खोबरेल तेलात सुगंधी तेलाचे दोन थेंब, अधिक नाही, आणि ते तळपायांना, हातांना सावकाश चोळावे. किंवा रुमालावर एक थेंब टाकून तो उशाशी ठेवावा. रोज तीच वेळ, तोच गंध. काही आठवड्यांनी मन त्या वासाला ‘आता दिवस संपला’ असे समजू लागते.

गंध कोणता? येथे चरकाचे ते अनाम विशेषण कामास येते : मनाला अनुकूल. लॅव्हेंडर हुंगले की आम्हांस लहानपणीच्या पावडरच्या डब्याखेरीज काही आठवत नाही. ज्यांना वाळा, चंदन, बकूळ, सोनचाफा यांनी माहेर आठवते त्यांनी तेच घ्यावे. उलट एका भगिनीची झोप उदबत्तीच्या वासाने उडते. यजमान गेले त्या दिवसांत घरभर तोच वास होता. त्यांच्यासाठी जगातील उत्तम ऊदही औषध नाही. जटामांसीविषयी पुष्कळजणी विचारतात. ती हिमालयात इतकी खणली गेली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता निर्बंध आहेत. तिच्यावाचून आपले अडत नाही.

काही पथ्ये. ही तेले पोटात घ्यावयाची नाहीत. जर्मनीत लॅव्हेंडर तेलाच्या मोजून केलेल्या कुप्या अस्वस्थतेवर देतात हे खरे, पण ते वेगळे औषध. आपली बाटली नव्हे. कापूर आणि निलगिरीचे तेल लहान मुलाच्या हाती लागल्यास थोडेसेही जिवावर बेतते, आकडी येते; नातवंडे सुट्टीत येणार असतील तेव्हा बाटल्या कुलपात ठेवाव्यात. जायफळाची चिमूट चालते, अख्खे जायफळ विष आहे. दम्याच्या माणसाच्या खोलीत धूर आणि वाफा नकोत. उघडी राहिलेली जुनी बाटली टाकून द्यावी. हवा लागून लिनालूल बदलते आणि कातडीवर पुरळ आणते.

आमच्या दवाखान्यात साध्या रेघी वह्या ठेवलेल्या आहेत. ज्यांना हवी त्यांनी न्यावी आणि चौदा दिवस तीत लिहावे : अंथरुणावर कधी गेलो, जाग किती वेळा, झळ होती की नव्हती, दुपारी डोळा लागला का, गोळी किंवा तेल काय वापरले. यजमानांसाठी शेवटी एक रकाना आहे. तो रिकामा आणू नये.

त्या भगिनींचे काय झाले, असे आता कुणी विचारण्यापूर्वीच सांगतो. त्या रात्री नाकावर मुखवटा लावून निजतात. यंत्र हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवते. पहिले पंधरा दिवस त्यांनी आम्हांस फार बोलून घेतले. महिनाभराने आल्या त्या सकाळी साडेनऊला, आणि दुपारची डुलकी बंद झाल्याचे सांगून म्हणाल्या, ‘यंत्राच्या पाण्यात लॅव्हेंडरचा एक थेंब टाकला तर?’ आम्ही नको म्हणालो. ती वाफ थेट फुप्फुसात जाते. त्यांच्या अंगणात बकुळीचे झाड आहे, इकडे त्याला मौलसिरी म्हणतात. बहरात त्याखाली पडलेली फुले वेचून त्या वाटीत घालून उशाशी ठेवतात. सुकली तरी त्यांचा वास जात नाही. मुखवटा चढविण्याआधी ती वाटी एकदा हुंगतात, आणि मग यंत्राचे बटण दाबतात.